पाच नंबर स्थिर आहे

मंगळवार, २५ मार्च
चिंचोळी एमआयडीसी, दुपारी दोन

शरणबसव,

वायर माझ्या हातात आहे आणि पडद्यावर पाच नंबर अजून हिरवा आहे. आकडा दोन. वायर काढून चार मिनिटं झाली. सगळ्या सेन्सरना आकडा विचारणारी फेरी दर मिनिटाला होते, म्हणजे चार फेऱ्या झाल्या. चारही वेळा पाच नंबर दोनच दाखवतो. तो कशालाच जोडलेला नाही.

कागद नव्हता म्हणून तपासणीच्या फॉर्ममागे लिहिते आहे. तीन वर्षं तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून फोन करत नाही. कलबुर्गीचा पत्ता तुझ्या आईकडून घेतला. सुंदरम्मा म्हणाल्या, "पत्र लिहितीस काय गं? लिही. फोनसारखं कट करता येत न्हाय त्याला."

मी शिवराजशेठच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आहे. जुळे सोलापूरच्या दोन खोल्यांत बसून आपण दोघांनी केलेलं पहिलं मोठं काम. ते अजून माझ्याकडेच आहे. आठ खोल्या, आठ सेन्सर. थंडाव्याच्या नळ्यांतला अमोनिया गळून हवेत पंचवीस पीपीएमच्या वर गेला की भोंगा; सेन्सर पुरता बंद पडला तरी भोंगा. तू होतास तेव्हा पाच नंबरच्या खोलीत रिकामे क्रेट असायचे. आता तिथं निवडीचं काम चालतं. बावीस बायका सकाळी आठपासून पाचपर्यंत बेदाणे निवडतात. दार लावलेलं असतं, गारवा जाऊ नये म्हणून. त्या बावीसजणींत माझी मनकर्णामावशी आहे. मीच तिला इथं लावलं.

चन्नप्पा शेजारी उभा आहे. मशीनघर अजून तोच बघतो.

"म्याडम, वायर काढलासा आनि भोंगा झाला न्हाय?"

"नाही."

"मग बेस झालं की ओ. त्यो वाजला की बाया चप्पल सोडून पळत्यात आनि शेठ माझ्यावर वरडतंय."

त्याला वाटतं मी काहीतरी सुधारणा केली. मी मान हलवली.

वायर परत जोडली. आकडा दोन.

आठ सेन्सरांच्या नोंदींच्या सारणीत फेरी मारणारं फंक्शन तू लिहिलेलं आहेस. फाईलीच्या माथ्यावर तुझं नाव आहे. मी त्याला कधी हात लावलेला नाही. त्यात काय चुकत असेल तेवढं कळव. पत्र आजच स्पीड पोस्टानं टाकते.

बुद्धप्रिया


बुधवार, २६ मार्च
जुळे सोलापूर, संध्याकाळ

शरणबसव,

तुझं उत्तर यायची वाट न बघता फाईल उघडली. तुझं फंक्शन अठरा ओळींचं आहे. सारणीच्या पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत जायचं, आणि प्रत्येक नोंद समोर आली की ठरवून दिलेल्या फंक्शनला हाक मारायची. ते फंक्शन कुणाचं, आत काय करतं, हे तुझ्या फंक्शनला माहीत नसतं. त्याच्याकडे फक्त पत्ता असतो. कॉलबॅक म्हणजे काय हे तू मला पॉलिटेक्निकच्या कँटीनमध्ये सांगितलं होतंस. मी हजेरी घेणारा मास्तर, म्हणालास. नाव मी वाचणार, पुढं काय करायचं ते तू ठरव. वहीत डोकावू नकोस.

मी डोकावले नाही. मी वहीतलं पान फाडलं.

माझं फंक्शन समोर आलेल्या सेन्सरला आकडा विचारतं. तीनदा विचारून उत्तर आलं नाही तर सेन्सर बंद पडला असं धरतं आणि त्याची नोंद सारणीतून काढून टाकतं. तिथल्या तिथं, तुझी हजेरी चालू असताना.

चौथी नोंद काढली की खालच्या सगळ्या एकेक घर वर सरकतात. पाचवा सेन्सर चौथ्या घरात येतो. तुझ्या फंक्शनचं बोट चौथ्या घरावरून पुढं, पाचव्या घरावर जातं. तिथं आता सहावा बसलेला असतो. पाचव्याला हाक जातच नाही. पडद्यावर त्याचा जुना आकडा राहतो, आणि जुना आकडा चांगला होता म्हणून रंग हिरवा राहतो.

हे एकदाच झालं असतं तर पुढच्या मिनिटाला पाचवा सापडला असता. पण चार नंबर पुरता मेलेला नाही. त्याच्या जोडणीत पाणी ठिबकतं. फेरीच्या आधी आपण सारणीत नसलेल्यांना 'आहेस का' विचारतो, तेव्हा तो 'आहे' म्हणतो आणि सारणीत परत आपल्या चौथ्या घरात येऊन बसतो. आकडा विचारला की गप्प. मग मी त्याला काढते; 'आहे' म्हटलेलं असल्यामुळे भोंगा होत नाही. दर मिनिटाला तो बसतो, दर मिनिटाला निघतो, आणि दर मिनिटाला पाचवा सुटतो. पडद्यावर चार नंबर लाल-हिरवा, लाल-हिरवा होत राहतो. चन्नप्पा त्याच्यावर बुक्की मारतो. सगळे चार नंबरकडे बघतात.

जुने आकडे काढून बघितले. पाच नंबर गेल्या वर्षीच्या नऊ जुलैपासून दोन आहे. दोनशे साठ दिवस. शिवराजशेठ पाहुण्यांना पडदा दाखवतात तेव्हा म्हणतात, "बाकीचे खालीवर होतात हो. पण पाच बघा. पाच नंबर स्थिर आहे."

सकाळी मी परत चिंचोळीला गेले होते. चन्नप्पाच्या खिशात चुन्याच्या डबीत लिटमसचे लाल तुकडे असतात. गळती शोधायला मशीनघरात तेच वापरतात. ओला कागद निळा झाला की अमोनिया. एक तुकडा मागून घेतला, पाण्यात बुडवला आणि पाच नंबरच्या खोलीत गेले.

बायका दोन रांगांत बसल्या होत्या. मावशी दाराशी होती.

"आली बाई विंजनेर," ती म्हणाली. "काय गं, कागद वाळवतीस व्हय?"

सगळ्या हसल्या. मीही हसले.

"तुझे डोळे लाल का गं?"

"गंधकाचं हाय ते. बेदाण्याला धुरी देत्यात न्हवं? हंगामात असतंयच. ह्या ईरम्माचं बघ, टमाटं झाल्यात."

ईरम्मा पदरानं डोळे पुसत म्हणाली, "माझा नवरा म्हनतोय, रोज कुनासाठी रडून येतीस."

पुन्हा हसल्या. मी क्रेटच्या मागं गेले, थंडाव्याच्या नळ्या भिंतीतून आत येतात तिथं. कागद धरला. सहा मोजायच्या आत तो निळा झाला.

गंधकाच्या धुरीनं लाल कागद निळा होत नाही.

किती आहे ते कागद सांगत नाही. दहा असेल, पन्नास असेल. ते सांगू शकणारा तिथं एकच आहे, भिंतीवर, मावशीच्या डोक्यावर चार फुटांवर, आणि त्याला जुलैपासून कुणी विचारलेलं नाही.

बाहेर येऊन चन्नप्पाला कागद दाखवला. तो म्हणाला, "थोडं असतंयच की म्याडम. नळ्या जुन्या झाल्यात. पडदा काय म्हनतोय?"

"दोन."

"मग? मशीनपरीस कागूद शाना झाला काय?"

मी कागद पर्समध्ये ठेवला. गाडी काढून घरी आले. कुणाला काही बोलले नाही. मावशी आत होती, तिला सांगितलं नाही. दार उघडं ठेवा, एवढंही सांगितलं नाही.

बुद्धप्रिया


गुरुवार, २७ मार्च
जुळे सोलापूर, संध्याकाळी सात

शरणबसव,

मंगळवारचं पत्र तुला पोचलं असेल. त्यात एक वाक्य खोटं आहे. तुझ्या फंक्शनला मी हात लावला होता.

ते मूळचं अठरा ओळींचं नव्हतं. तू फेरी सुरू होताना एक खूण वर करायचास आणि संपली की खाली घ्यायचास. नोंद काढणाऱ्या फंक्शनात एक तपासणी होती: खूण वर असताना कुणी नोंद काढायला गेलं तर पॅनेल तिथंच थांबवायचं. मिळून तीन ओळी.

उद्घाटनाचा दिवस आठव. नारळ फुटला, पेढे वाटले, शिवराजशेठचे सासरे पुढच्या खुर्चीत, आणि आठ नंबरची वायर उंदरानं कुरतडलेली. माझ्या फंक्शननं आठ नंबर काढायला घेतला आणि पॅनेल काळं झालं. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ. तू शिडीवर होतास, आठ नंबरपाशी. शेठनी विचारलं, "हे कुणाचं काम?" मी म्हणाले, "ती फाईल शरणबसवची आहे."

ते खरं होतं. फाईल तुझी होती. चूक माझी होती, आणि तुझी फाईल ती दाखवत होती.

मग मी लॅपटॉप उघडून त्या तीन ओळी पुसल्या. पॅनेल चालू झालं. टाळ्या वाजल्या. येताना तू गाडी चालवत होतास, मागं न बघता म्हणालास, "त्या ओळी परत घाल, प्रिया. फेरीत काढायचं नसतं. आधी खूण करून ठेव, फेरी संपली की काढ." मी म्हणाले, उद्या घालते. महिनाभरानं तू कलबुर्गीला गेलास. मी सगळ्यांना सांगितलं, त्याला तिकडेच नोकरी बघायची होती.

आणखी एक आहे. जानेवारीत दरवर्षी मी शेठना तपासणीपत्र देते. आठही वायरी एकेक करून काढायच्या, भोंगा होतो का बघायचं, मग सही. या जानेवारीत मी पडदा बघितला आणि सही केली. आठही हिरवे होते. चार नंबरसुद्धा त्या मिनिटाला हिरवा होता. परवा वायर काढून बघितली तीही नियमामुळे नाही. शेठच्या बँकेला तपासणीचे फोटो हवे होते.

दुरुस्ती कालच करून ठेवली. सात ओळी लागल्या. घरी टेबलावर आठ जुने सेन्सर मांडले, चौथ्याची जोडणी ढिली ठेवली आणि तीन तास फेऱ्या मोजल्या. पाचवा एकदाही सुटला नाही. सकाळी लॅपटॉप घेऊन शेठकडे गेले.

"शेठ, पॅनेल दहा मिनिटं बंद करावं लागेल. नवीन प्रोग्राम टाकायचाय."

"आज? म्याडम, बाहेर कंटेनर उभाय. आज पॅनेल बंद म्हणजे मशीन बंद, मशीन बंद म्हणजे माझं तोंड बंद. सोमवारी टाका."

"पाच नंबरचं जरा..."

"पाचला काय झालं? तेवढा एकच तर नीट चालतोय तुमचा."

माझं वाक्य पुरं करायला माझ्याकडे अख्खं मिनिट होतं. शेठ माझ्याकडे बघत होते. त्यांच्या मागं भिंतीवर माझ्या सहीचं तपासणीपत्र फ्रेममध्ये लावलेलं आहे.

मी म्हणाले, "काही नाही. सोमवारी बघू."

सोमवार म्हणजे अजून तीन पाळ्या.

मला दोन गोष्टींची भीती वाटते आणि मी त्या वेगळ्या करू शकत नाही. पाच नंबरचा आकडा मोठा येईल, ही एक. आकडा लहान येईल, ही दुसरी. लहान आला तर मी पुन्हा गप्प बसेन. मला स्वतःची तेवढी ओळख आता झाली आहे.

तिसरीही एक होती, ती मंगळवारी होती. फाईलीवर तुझं नाव आहे. काही झालंच तर चौकशी आधी तुझ्याकडे येईल. मंगळवारचं पत्र मी त्यासाठी लिहिलं. उत्तर मिळावं म्हणून नाही. तुला विचारलं होतं आणि तू काही बोलला नाहीस, असं पुढं दाखवता यावं म्हणून. स्पीड पोस्टाची पावती मी जपून ठेवली होती. आज फाडली.

साडेपाचला मावशीला फोन केला. ती टेम्पोतच होती, कुंभारीच्या वाटेवर. मागं बायकांचा गलका.

"मावशी, उद्या कामावर जाऊ नकोस."

"का गं? कोन येनार हाय?"

"कुणी नाही. जाऊ नकोस एवढंच."

"खाडा पडतोय बाई. आनि हंगाम हाय."

मग ती आवाज बारीक करून म्हणाली, "डोळ्याचं हाय व्हय?"

"हो."

"कागूद त्याचा हुता?"

"हो."

"ह्या समद्या माझ्यासंगट बसल्यात हितं. ह्यांचं डोळं न्हाईत व्हय?"

मी म्हणाले, "तू कुणाला सांगू नकोस अजून. मी बघते."

"काय बघतीस?"

तिनं फोन ठेवला. मी परत लावला, तिनं उचलला नाही.

मी माझ्या माणसाला तेवढं बाजूला काढत होते. एकवीसजणी राहिल्या असत्या, आणि मला त्यातल्या एकीचंच नाव ठाऊक आहे.

तुला विचारायचं होतं की काय करू. पण तू काय सांगशील ते तू तीन वर्षांपूर्वी सांगून झालंय, गाडीवर, मागं न बघता. उद्या बायकांच्या आधी पोचते. टेम्पो आठला येतो. मशीनघराची किल्ली चन्नप्पाकडे असते आणि तो सातला येतो. शेठना विचारणार नाही. विचारलं तर ते नाही म्हणतील, आणि त्यांनी नाही म्हटलं की मला घरी यायला कारण मिळेल.

लॅपटॉप चार्जिंगला लावला आहे.

बुद्धप्रिया


शुक्रवार, २८ मार्च
चिंचोळी, सकाळी साडेनऊ

शरणबसव,

सात सत्तेचाळीसला पॅनेल बंद केलं. चन्नप्पा म्हणाला, "शेठला इचारलासा?" मी नाही म्हणाले. तो बाहेर जाऊन फाटकाकडे तोंड करून उभा राहिला.

सात अठ्ठावन्नला पॅनेल चालू झालं. पहिल्या फेरीत चार नंबर गप्प राहिला. त्याच्यावर खूण झाली, नोंद जागेवर राहिली, आणि पाच नंबरला हाक गेली. त्यानं एकेचाळीस सांगितलं. भोंगा वाजला.

टेम्पो तेव्हा फाटकातून आत येत होता. चन्नप्पानं आडवा जाऊन तो थांबवला, मग मशीनघरात पळत जाऊन पाच नंबरची लाईन बंद केली. दुसऱ्या फेरीत सत्तेचाळीस आलं. तिसऱ्या फेरीत चोपन्न. रात्रभर दार बंद होतं, आणि नळीत उरलेला अमोनिया अजून झिरपत होता.

बायका टेम्पोतून उतरल्या आणि कुंपणाशी उभ्या राहिल्या. मावशी आली होती. ती माझ्यापाशी आली.

"काल फोन केलास तवा म्हाईत हुतं?"

"हो."

"परवा कागूद घेऊन आलीस तवा?"

"हो."

"हसलीस की गं आमच्यासंगट."

ती जाऊन ईरम्माशेजारी उभी राहिली.

शेठ साडेआठला आले. कधीपासून, असं विचारलं. नऊ जुलैपासून, मी सांगितलं. मग जानेवारीतल्या सहीचं सांगितलं, आणि पुसलेल्या तीन ओळींचं. त्यांनी ते लिहून मागितलं. मी लिहून दिलं आणि खाली सही केली. त्या कागदावर तुझं नाव एकदाच आहे, ज्यानं तपासणी घातली होती त्याचं म्हणून.

नऊ वाजता टेम्पो बावीसजणींना डोळे तपासायला दवाखान्यात घेऊन गेला. मला कुणी चल म्हणालं नाही.

बुद्धप्रिया